डोंगर आणि वाडी यांमधले माकड

दिवस कासराभर वर आला की बोर्ली पंचतनच्या वाड्यांमधून एक ओळखीची आरोळी उठते. पत्र्याचे डबे वाजू लागतात, एखादा फटाका उडतो, कुठे गोफणीचा दगड सूं करीत माडाच्या शेंड्याकडे जातो. झावळ्या हलतात, चार-दोन कोवळी शहाळी धपकन खाली येतात आणि लांब शेपटीची करडी आकृती एका माडावरून दुसऱ्या माडावर झेप घेत डोंगराच्या दिशेने नाहीशी होते. वाडीचा मालक खाली पडलेली शहाळी उचलून पाहतो. प्रत्येकाला दातांनी पाडलेले भोक असते आणि आतले पाणी संपलेले असते.

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील हे गाव. पाठीशी झाडीचे डोंगर आणि पुढे दिवेआगरच्या समुद्राच्या दिशेने पसरलेली भातशेती व नारळी-पोफळीच्या वाड्या, अशी येथली रचना आहे. डोंगर आणि वाडी यांमधील अंतर माणसाला चढण्यास कष्टाचे असले तरी माकडाला ते काही झाडांच्या उड्यांचे. या अंतराची ये-जा गेल्या काही वर्षांत वाढली, अशी कोकणातील बागायतदारांची तक्रार आहे आणि ती अनाठायी नाही. परंतु ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची त्या प्राण्याची नीट ओळख मात्र फार थोड्यांना असते. ही ओळख केवळ कुतूहलाचा विषय नव्हे. माकडाच्या सवयी ठाऊक असल्याखेरीज त्याच्यापासून वाडी राखता येत नाही, हा अनुभव ठिकठिकाणचा आहे.

माकड निराळे, वानर निराळे

बोलण्याच्या ओघात आपण माकड आणि वानर हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ही दोन वेगळी उपकुळे होत. काळ्या तोंडाचे, रुपेरी अंगाचे, उंचपुरे ते वानर. तांबूस तोंडाचे, करड्या-पिंगट रंगाचे, आकाराने बरेच लहान ते माकड. माकडाच्या नराचे वजन साधारण ५ ते ९ किलो आणि मादीचे ३ ते ५ किलो भरते. वानराचा नर याच्या दुपटीहूनही भारी असू शकतो.

रंगरूपापेक्षा महत्त्वाचा भेद पोटात आहे. वानर हा मुख्यतः पानांवर जगणारा प्राणी. त्याचे जठर अनेक कप्प्यांचे असून त्यात पाला आंबवून पचविण्याची सोय असते. त्यामुळे फळे नसतील तेव्हा तो झाडपाल्यावर दिवस काढू शकतो. माकडाचे जठर साधे आहे. निव्वळ पाल्यावर त्याचा निर्वाह होत नाही. फळे, बिया, फुले, कोवळे कोंब, किडे, कोळी असा सकस आणि विविध आहार त्याला रोज शोधावा लागतो. माकड वाडीत का येते, या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला धागा येथेच सापडतो.

सह्याद्री आणि कोकणातील या माकडाचे शास्त्रीय नाव ‘मॅकाका रेडिएटा’ असे आहे. डोक्याच्या मध्यावरून चहूकडे किरणांसारखे पसरलेले केस पाहून हे नाव पडले. या केसांमुळे त्याने टोपी घातल्याचा भास होतो, म्हणून काही जण त्याला टोपी माकड म्हणतात. त्याची शेपटी धडाइतकी किंवा त्याहूनही लांब असते. उत्तर हिंदुस्थानातील त्याचा चुलतभाऊ, म्हणजे ऱ्हीसस माकड, आखूड शेपटीचा व कमरेखाली तांबूस रंगाचा असतो. टोपी माकड हे दक्षिण भारताचे वैशिष्ट्य होय. जगात अन्यत्र ते निसर्गतः कोठेही आढळत नाही. पश्चिमेकडे तापीच्या दक्षिणेस त्याचा प्रदेश सुरू होतो आणि तो दक्षिण टोकापर्यंत पोहोचतो.

आयाबायांचे राज्य

माकडांचा कळप म्हणजे विस्कळीत टोळी नव्हे. त्यात अनेक नर, त्याहून अधिक माद्या आणि निरनिराळ्या वयाची पिल्ले असतात. वीस-तीस माकडांचा कळप सर्वत्र दिसतो. या कळपाचा कणा म्हणजे माद्या. मादी ज्या कळपात जन्मते, त्याच कळपात सहसा आयुष्य काढते. नर मात्र वयात आल्यावर पुष्कळदा आपला कळप सोडून दुसऱ्या कळपात जातात. त्यामुळे आजी, आई, मावश्या आणि लेकी अशी माहेरच्या नात्याची वीण कळपात पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहते. मानाची उतरंडही आईकडून लेकीकडे येते. वरच्या दर्जाच्या मादीची लेक लहानपणापासूनच इतरांहून आधी घास घेते.

या मातृवंशाचा एक परिणाम बागायतदाराने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. उंबर कोणत्या महिन्यात पिकतो, पाणवठा कोणता आटत नाही, कोणत्या वाडीला कुत्रा नाही, हे ज्ञान कळपात साठत जाते. पिल्लू आईच्या पोटाला बिलगूनच या वाटा पाहते आणि मोठे झाल्यावर त्याच वाटांनी चालते. वाडीची वाट एकदा कळपाला लागली की ती एका पिढीपुरती राहत नाही.

या जातीच्या नरांविषयी अभ्यासकांना विशेष कुतूहल वाटत आले आहे. बहुतेक माकडांमध्ये नर एकमेकांचे वैरी असतात. टोपी माकडाचे नर मात्र एकमेकांना कवटाळतात, शेजारी बसून परस्परांचे केस विंचरतात आणि खेळतातही. भांडणे होतात, परंतु त्यांचा समाज इतर अनेक मर्कट जातींच्या मानाने सौम्य आहे. दुपारच्या उन्हात वडाच्या फांदीवर ओळीने बसून एकमेकांच्या अंगावरील कचरा व किडे टिपणारी माकडे पाहिली की आपण त्यांना उवा मारणारी म्हणून हसतो. वस्तुतः नातीगोती जोडण्याची आणि भांडणानंतरचा सलोखा करण्याची ती त्यांची रीत आहे.

मर्कटकिशोर न्याय

आपल्या भक्तिशास्त्रात ‘मर्कटकिशोर न्याय’ आणि ‘मार्जारकिशोर न्याय’ असे दोन दृष्टांत प्रसिद्ध आहेत. मांजरी आपले पिल्लू तोंडात धरून नेते. माकडाचे पिल्लू स्वतःच आईला घट्ट धरून राहते. हे निरीक्षण अगदी अचूक आहे. साडेपाच महिन्यांच्या आसपास गर्भ वाढवून मादी एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते. बहुतेक जन्म पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत होतात. गडद केसांचे ते पिल्लू जन्मल्यापासून आईच्या पोटाची लव मुठीत धरते आणि ती झाडावरून झाडावर उडी घेते तेव्हाही सोडत नाही.

हौदात पाणी चढू लागल्यावर पिल्लाला पायाखाली घेऊन उभी राहणारी माकडीण आपण सर्वांनी लहानपणी गोष्टीत ऐकली आहे. रानातील माकडीण या गोष्टीला दुजोरा देत नाही. मेलेले पिल्लूही काही दिवस उराशी धरून हिंडणाऱ्या माद्या अभ्यासकांनी पाहिल्या आहेत.

गालातली पिशवी

टोपी माकडाच्या दोन्ही गालांत कातडीच्या पिशव्या असतात. वानराला त्या नाहीत. अन्न दिसताच माकड ते न चावता भराभर या पिशव्यांत कोंबते, सुरक्षित जागी पळते आणि मग हाताने गाल दाबून एकेक घास तोंडात आणीत निवांत खाते. रानात या सोयीचा लाभ झाडांनाही होतो. जांभूळ, करवंद, उंबर, रतांबा यांसारखी फळे एका ठिकाणी खाऊन त्यांच्या बिया दुसऱ्या ठिकाणी थुंकल्या जातात किंवा विष्ठेतून पडतात. डोंगर नव्याने रुजविण्याच्या कामी माकड असा बिनपगारी माळी ठरते.

हीच पिशवी वाडीत आली की चित्र पालटते. राखणदार हाकलावयास धावेपर्यंतचे दोन-तीन मिनिटांचे अंतर माकडाला पुरेसे असते. अर्धे खावे, अर्धे टाकावे, ही त्याची सवय नुकसानीत भर घालते. समजा, पंचवीस माकडांच्या कळपातील प्रत्येकाने दिवसाला एकच शहाळे पाडले, तर चांगल्या निगराणीतील एका माडाचे वर्षाचे उत्पन्न तीन-चार दिवसांत जमीनदोस्त होते. पोफळीवरील कोवळ्या सुपारीची गत निराळी नाही.

बिबट्याची चाहूल आणि माणसाची पारख

माकड सावध असते ते बिबट्यामुळे. रात्री ते उंच झाडांवर झोपते आणि शक्य तो फांदीच्या टोकाकडे, जेथे बिबट्याचे वजन पेलणार नाही अशी जागा निवडते. त्याची चाहूल लागताच कर्कश इशारा देऊन सारा कळप सावध केला जातो. दक्षिणेतील जंगलांत झालेल्या प्रयोगांत असे दिसून आले की ही माकडे वानरांचे आणि सांबरांचे धोक्याचे आवाजही ओळखतात व ते ऐकताच झाडावर चढतात.

माणसाची पारखही त्यांना तितकीच आहे. कर्नाटकातील बंडीपूरच्या जंगलात रस्त्याकडेला राहणाऱ्या टोपी माकडांचे निरीक्षण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसाच्या हातात खाद्य दिसले की ती विशिष्ट मऊ आवाज काढीत, हात पुढे पसरीत आणि तो आपल्याकडे पाहतो आहे ना याची खात्री करून घेत. भीक मागणे ही माकडाची जन्मजात सवय नव्हे. ती माणसाने त्याला लावली. श्रद्धेने टाकलेले शेंगदाणे आणि पर्यटकाने गंमत म्हणून दिलेले बिस्किट यांतून माकड एवढेच शिकते की, माणूस म्हणजे भय नव्हे, अन्न होय. त्याचा भुर्दंड पुढे वाडीवाल्याला पडतो.

डोंगर का सुटला?

टोपी माकडाचा एक नातलग सह्याद्रीच्या दक्षिणेकडील सदाहरित वर्षावनांत राहतो. आयाळीचा आणि शेपटीच्या टोकाला गोंडा असलेला तो सिंहपुच्छ वानर. नावात वानर असले तरी कुळाने तो माकडच. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्याच्या उत्तरेस तो आढळत नाही. उंच झाडांचे दाट छत तुटले की तो नाहीसा होतो. टोपी माकड इतके सोवळे नाही. सदाहरित रान, पानझडी जंगल, देवळाचा पार, रेल्वेचे फलाट, सर्वत्र ते जुळवून घेते. ही लवचिकता हेच त्याचे बळ आणि माणसाशी होणाऱ्या संघर्षाचे मूळही.

कोकणातील डोंगरांचा मोठा भाग खाजगी मालकीचा आहे. लाकडासाठी वेळोवेळी होणारी तोड, उन्हाळ्यातील वणवे आणि मिश्र झाडीच्या जागी एकाच प्रकारची लागवड, यांमुळे वर्षाच्या बारा महिन्यांत आळीपाळीने फळणारी झाडे कमी होतात. रायवळ आंबा, फणस, उंबर, जांभूळ असे एकेक झाड तुटते तेव्हा माकडाच्या पंचांगातला एकेक महिना कोरा होतो. त्या महिन्यात खाली वाडीत माड मात्र उभा असतो. नारळाला ऋतू नाही. त्यावर बाराही महिने फळ असते.

यात भर पडली ती ३ जून २०२० रोजी. ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन तालुक्यातील माड, पोफळी, आंबा यांच्या बागा आडव्या केल्या. पिढ्यान्‌पिढ्यांनी वाढविलेल्या वाड्या काही तासांत गेल्या. वाडीतील झाडे कोसळली, तशी डोंगरावरीलही कोसळली. बागायतदाराने पुन्हा रोपे लावली. परंतु बाणवली माड फळावर येण्यास सहा ते आठ वर्षे लागतात आणि पोफळीलाही पाच-सात वर्षे द्यावी लागतात. वादळानंतर लावलेल्या झाडांना पहिला बहर येण्याचे दिवस हेच आहेत. इतकी वर्षे कर्ज, मजुरी आणि शिंपणे सोसून हाती येणारे हे पहिले पीक. श्रीवर्धनी रोठ्याचा लौकिक आणि श्रीवर्धन येथील सुपारी संशोधन केंद्राने विकसित केलेला ‘श्रीवर्धनी’ वाण यांची पुढली वाटचालही याच झाडांवर अवलंबून आहे. अशा वेळी माकडाने पाडलेले शहाळे केवळ एक शहाळे राहत नाही. बागायतदाराच्या संतापामागे हा हिशेब आहे, हे प्राणिप्रेमी शहरवासीयांनीही समजून घेतले पाहिजे.

पकडून नेले तर?

‘माकडे पकडा आणि दूर नेऊन सोडा’ ही मागणी सर्वत्र ऐकू येते. वरवर सोपा वाटणारा हा उपाय माकडाच्या स्वभावाशी जुळत नाही. पकडताना कळपाची वीण तुटते. नव्या जागी सोडलेली माकडे तेथल्या रानात न रमता जवळच्या गावाकडे वळतात, कारण वाडीत खाण्याची विद्या त्यांच्याबरोबरच गेलेली असते. इकडे मोकळ्या झालेल्या जागेत शेजारचा कळप येऊन बसतो. एका गावाचे संकट दुसऱ्या गावी पोहोचते आणि पहिले गावही मोकळे होत नाही.

दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागेल. सर्वत्र दिसणारा प्राणी म्हणून टोपी माकडाकडे कोणी लक्ष दिले नाही. म्हैसूर परिसरातील कळपांची दीर्घकाळ गणना करणाऱ्या अभ्यासकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, तेथील त्यांची संख्या अडीच दशकांत निम्म्याहून अधिक घटली. रस्त्याकडेचे जुने वड तोडले जाणे आणि माकडे पकडून नेणे ही त्याची कारणे होती. उत्तरेकडील ऱ्हीसस माकडही दक्षिणेकडे सरकत त्याची जागा घेत आहे. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत टोपी माकडाची गणना आज असुरक्षित जातींत होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्याला संरक्षण असून त्याला मारणे हा गुन्हा आहे. एका वाडीत अतोनात वाटणारा प्राणी एकंदरीत कमी होत असतो, हे विसंगत वाटले तरी सत्य आहे. विखुरलेले कळप अन्नाच्या ठिकाणी एकवटतात, म्हणून ते पुष्कळ भासतात.

करता येण्याजोगे

मग बागायतदाराने काय करावे? एकच रामबाण उपाय नाही, परंतु माकडाच्या सवयींना धरून केलेले उपाय अधिक टिकतात.

पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. देवळाजवळ, रस्त्यावर अथवा समुद्रकिनारी माकडांना खाऊ घालू नये. खरकटे आणि नासकी फळे उघड्यावर टाकू नयेत. सकस अन्न आयते मिळाले की माद्या लवकर-लवकर वितात आणि कळप फुगतो.

दुसरा उपाय सामुदायिक राखणीचा. एकट्या वाडीवाल्याने हाकललेला कळप शेजारच्या वाडीत शिरतो. लागून असलेल्या वाड्यांच्या मालकांनी पाळ्या लावून, कळप डोंगरातून उतरण्याच्या वाटेवरच त्याला परतवला तर श्रम वाटले जातात. एकच एक आवाज किंवा बुजगावणे माकडाला चार दिवसांत कळून चुकते. म्हणून साधने आणि वेळा बदलत राहणे अगत्याचे आहे. वाडी व डोंगर यांमध्ये माकडाला उडी घेता येईल अशा फांद्या छाटल्यास त्याला जमिनीवर उतरावे लागते. तेथे त्याला कुत्र्याचे भय असते.

तिसरा उपाय नुकसानीच्या नोंदीचा. वन्य प्राण्यांपासून होणाऱ्या पीकहानीबद्दल अर्थसाहाय्य देण्याच्या राज्य शासनाच्या योजनेत माकडाचा समावेश आहे. परंतु झाड उभे आणि फळ मात्र गेलेले, अशा नुकसानीचे मोजमाप अवघड असते. म्हणून वनविभागाला तत्काळ कळवून पंचनामा करून घेणे आणि पडलेल्या फळांची रोजची टिपणे ठेवणे हिताचे ठरते.

चौथा उपाय दीर्घ पल्ल्याचा, म्हणून सर्वांत महत्त्वाचा. डोंगरावर उंबर, जांभूळ, करवंद, फणस, रायवळ आंबा अशी निरनिराळ्या महिन्यांत फळणारी देशी झाडे पुन्हा उभी राहिली पाहिजेत. कळपांची वाढ रोखण्यासाठी नसबंदीचा मार्गही आहे. हिमाचल प्रदेशाने तो २००६ च्या सुमारास ऱ्हीसस माकडांसाठी अवलंबिला. मात्र त्यास वर्षानुवर्षांचे सातत्य आणि शास्त्रीय गणना लागते.

आरोग्याच्या दृष्टीने एक दक्षता सर्वांनीच घ्यावी. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम आढळलेला माकडताप २०१६ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग भागातही आढळला. त्याचा प्रसार गोचिडीमार्फत होतो आणि माकडेही त्याला बळी पडतात. रानात माकड मेलेले दिसल्यास त्याला हात न लावता वनविभागास किंवा आरोग्य केंद्रास कळवावे.

संध्याकाळी उन्हे कलली की बोर्ली पंचतनच्या वाड्यांतील कळप डोंगराच्या वाटेला लागतो. पुढे मोठे नर, मधे पोटाला पिल्ले बिलगलेल्या माद्या आणि मागे रेंगाळणारी पोरे. डोंगरावर त्यांच्या रात्रीच्या मुक्कामाचे झाड अजून उभे आहे. रात्रीच्या निवाऱ्याबरोबर दिवसाचा घासही जेव्हा त्याच डोंगरावर मिळेल, तेव्हा सकाळी वाडीत वाजणारे पत्र्याचे डबे आपोआप कमी होतील. वाडी राखण्याचे अर्धे काम वाडीत आहे आणि उरलेले अर्धे डोंगरावर. पहिले काम बागायतदार आपल्या परीने करीतच आहे. दुसऱ्या कामाला मात्र डोंगराचा मालक, ग्रामपंचायत आणि वनविभाग अशा सर्वांचेच हात लागले पाहिजेत.